कागद वाचला, पण रान वाचले काय?

(चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या अभ्यासवर्गासाठी माझ्याकडे सोपवलेला विषय प्रथमदर्शनी आपल्या रोजच्या कामापासून दूरचा वाटण्याचा संभव आहे. व्यापारी पेढ्या, बँका, कंपन्या आणि सरकारी कचेऱ्या यांचे दस्तऐवज कागदावर असावेत की संगणकावर, आणि यांपैकी कोणती पद्धत निसर्गाला कमी जाचक ठरते, असा हा विषय आहे. मोठ्या शहरांत या प्रश्नाचा निकाल केव्हाच लागलेला आहे. बँकेच्या पत्राच्या तळाशी, विजेच्या बिलावर, विमा कंपनीच्या संदेशात एकच उपदेश वाचावयास मिळतो : कागद वाचवा, झाडे वाचवा. ग्राहकाने बिल मोबाईलवर मागवले की त्याच्या हातून वृक्षसंवर्धनाचे पुण्यकर्म घडले, असे त्याला सांगितले जाते.

परंतु चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत बसून या प्रश्नाचा विचार करू लागले की तो इतका सरळ राहत नाही. कागदासाठी लागणारा बांबू याच रानातून पिढ्यान्‌पिढ्या गेला. संगणकाला लागणाऱ्या विजेचा कोळसाही याच जमिनीच्या पोटातून निघतो. मुंबईच्या कचेरीने कागद सोडून पडदा धरला म्हणून तिचा या दोन जिल्ह्यांशी असलेला संबंध तुटला असे होत नाही. ती एका दाराने येत होती, आता दुसऱ्या दाराने येते. वहीतील जमा आणि खर्च या दोन्ही बाजू ज्यांच्या अंगणात आहेत, त्यांनी तरी हा हिशेब दुसऱ्याने मांडलेला जसाच्या तसा मान्य करू नये, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

बांबूची बाजू

प्रथम कागदाकडे पाहू. बल्लारपूरच्या कागद गिरणीची कंपनी १९४५ साली स्थापन झाली. वर्धा नदीचे पाणी, जवळच कोळसा, हाताशी रेल्वे आणि पूर्वेकडे पसरलेले बांबूचे अफाट रान, अशी चारही साधने एका ठिकाणी मिळणारी जागा भांडवलाने अचूक हेरली होती. तेव्हा गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याच्या भूभागापैकी दोनतृतीयांशाहून अधिक भाग आजही वनाच्छादित आहे, आणि या वनातील मानवेल बांबू हा गिरणीचा मूळ आधार होता.

बांबूपासून कागद कसा होतो, हे आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. बांबूचे तुकडे करून ते दाहक क्षारांच्या द्रावणात वाफेच्या दाबाखाली शिजवतात. धागा सुटा झाला की तो धुतात, रसायनांनी पांढरा करतात, आणि पातळ थर देऊन वाळवतात. एक टन कागदाला साधारणपणे दोन ते अडीच टन सुका बांबू किंवा लाकूड लागते. कचेरीत वापरला जाणारा नेहमीचा कागद घेतला तर एक टन म्हणजे चारशे रीम, म्हणजेच दोन लाख पाने. धागा धुण्यासाठी जुन्या गिरण्यांत टनामागे शे-दोनशे घनमीटर पाणी खर्ची पडे. नव्या यंत्रांनी आणि पाणी फिरवून वापरण्याच्या पद्धतीने ते पुष्कळच कमी झाले आहे. शिजवल्यानंतर उरणारे काळे द्रावण जाळून गिरणी आपली काही वाफ मिळवते. उरलेल्यासाठी कोळसा लागतोच. तेव्हा कागद म्हणजे केवळ बांबू नव्हे. त्यात नदी आहे आणि कोळसाही आहे. कागदाची बाजू घेणाऱ्याने हे लपवता कामा नये.

आता बांबूच्या रानाचा ऱ्हास कशाने झाला, ते पाहू. बांबू हे मुळात झाड नाही, ते गवताच्या कुळातील आहे. त्याचे बेट नियमाने तोडले, म्हणजे त्या वर्षाचा व मागल्या वर्षाचा कोंब राखून आणि पुरेसे जून बांबू बेटात उभे ठेवून तोडले, तर ते पुन्हा पुन्हा उत्पन्न देते. मग रान विरळ का झाले? याचे उत्तर शोधण्यासाठी शेजारच्या कर्नाटकातील एका अभ्यासाची मदत होते. ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात दांडेलीच्या कागद गिरणीला बांबू पुरवणाऱ्या उत्तर कन्नडच्या रानांचा अभ्यास केला. त्या गिरणीला १९५८च्या सुमारास सरकारने टनाला दीड रुपया या दराने बांबू दिला होता. टोपल्या-सुपे विणणाऱ्या बुरडाला तोच बांबू बाजारात कितीतरी पटींनी महाग पडत असे. गाडगीळांना आणखी एक गोष्ट आढळली. बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे जाळे असते. बेट मोकळे केले की वाढ चांगली होते, अशा समजुतीने ते साफ करण्याची शास्त्रीय म्हणवणारी पद्धत होती. गावकरी मात्र सांगत होते की हे काटे म्हणजे कोवळ्या कोंबांचे कुंपण आहे. ते काढले की गुरे आणि वन्य जनावरे कोंब खाऊन टाकतात. अभ्यासाअंती गावकरी खरे ठरले.

या उदाहरणातून दोन बोध निघतात. जी वस्तू दीड रुपयाला टनभर मिळते ती जपून वापरण्याचे कोणत्याही गिरणीला कारण उरत नाही. एक रान संपले की ती पुढच्या रानाकडे वळते. आणि ज्यांना बेटाची नस माहीत आहे त्यांना निर्णयातून वगळले, तर शास्त्राच्या नावाखालीही नासाडीच होते. बांबूच्या रानाचा घात कचेरीतल्या कारकुनाने दोन पाने अधिक खर्चली म्हणून झालेला नाही. मालकी एकाची, उपजीविका दुसऱ्याची आणि नफा तिसऱ्याचा, या व्यवस्थेमुळे तो झाला.

१९८८च्या राष्ट्रीय वननीतीने उद्योगांना नैसर्गिक जंगलातून सवलतीच्या दरात कच्चा माल देण्याच्या प्रथेला विरोध केला आणि त्यांनी तो शेतकऱ्यांकडून मिळवावा असे सांगितले. त्यानंतर सुबाभूळ आणि निलगिरी यांच्या शेतातील लागवडीकडे गिरण्या मोठ्या प्रमाणात वळल्या. आज भारतात तयार होणाऱ्या एकंदर कागदापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक कागद रद्दीपासून होतो. भारतीय माणसाचा दरसाल कागदवापर सुमारे पंधरा किलो आहे आणि जगाची सरासरी पन्नास किलोच्या वर आहे. या आकड्यांसमोर 'एक बिल वाचवले की एक झाड वाचले' हा हिशेब टिकत नाही.

कोळशाची बाजू

आता पडद्याकडे वळू. संगणकावरील दस्तऐवज हवेत तरंगत नाही. तो कुठल्यातरी इमारतीत, रात्रंदिवस चालणाऱ्या यंत्रांवर साठवलेला असतो. त्या यंत्रांना वीज लागते आणि ती तापू नयेत म्हणून थंडाव्यासाठी पुन्हा वीज व पाणी लागते. या इमारतींना डेटा सेंटर म्हणतात. भारतात त्यांची सर्वांत मोठी वस्ती मुंबई आणि नवी मुंबई परिसरात, ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आहे.

त्या विजेचा आणि आपला संबंध काय? चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. जुने दोन संच मोडीत निघून आणि २०१६ साली दोन नव्या संचांची भर पडून त्याची क्षमता २९२० मेगावॉट झाली. या केंद्राच्या परिसरातून मुंबईजवळच्या भिवंडी तालुक्यातील पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटर लांबीची, उच्च दाबाच्या एकदिश प्रवाहाची वाहिनी जाते. ती १९९९ साली कार्यान्वित झाली आणि १५०० मेगावॉट वीज वाहून नेण्याची तिची क्षमता आहे. पूर्व विदर्भाची वीज मुंबई-ठाण्याच्या पट्ट्याकडे नेणे हाच या वाहिनीचा हेतू आहे. जाळ्यात शिरलेल्या विजेवर गावाचे नाव लिहिलेले नसते, हे खरे. तरीही देशातील सुमारे तीनचतुर्थांश वीज कोळशावर होत असताना पडद्यावरचा दस्तऐवज आणि दुर्गापूर-पद्मापूरच्या खाणी यांचे नाते नाकारता येणार नाही.

त्या नात्याची किंमत कोण देतो, तेही पाहू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला. त्यात अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबादनंतर चौथा क्रमांक चंद्रपूरचा होता. गुण होते ८३.८८. इरई धरणाचे पाणी वीजकेंद्राला आणि चंद्रपूर शहराला एकत्रच पुरवावे लागते. २०१०च्या उन्हाळ्यात धरण आटले तेव्हा केंद्रातील संच बंद ठेवण्याची पाळी आली. २००९ साली ताडोबाजवळ लोहारा येथे कोळसा खाण काढण्याचा प्रस्ताव लोकांनी उपोषणे आणि आंदोलने करून रोखला. ऑगस्ट २०२२मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले, कारण खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. आसपासच्या कुटुंबांना घरे सोडून जावे लागले. बांबूचे बेट तोडल्यावर पुन्हा वाढू शकते. खाणीने खचलेली जमीन पुन्हा वर येत नाही. दोन्ही बाजूंची तुलना करताना हा भेद सर्वांत आधी वहीत नोंदवला पाहिजे.

एका पानाचा हिशेब

आता ढोबळ का होईना, आकडेमोड करू. कचेरीतील एका पानाचे वजन पाच ग्रॅम असते; ते पान बांबूचे असेल तर त्यामागे दहा-बारा ग्रॅम सुका बांबू येतो, शिवाय गिरणीत जळलेला थोडा कोळसा. दुसऱ्या बाजूला पन्नास वॅटचा एक संगणक घ्या. औष्णिक केंद्रात एक युनिट वीज निर्माण करण्यासाठी साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो. तेव्हा पडद्यावर पाच मिनिटे काही वाचले तर सुमारे तीन ग्रॅम कोळसा खर्ची पडला आणि तासभर वाचले तर तीस-पस्तीस ग्रॅम.

याचा अर्थ स्पष्ट आहे. एकदा पाहून बाजूला सारावयाचे बिल, सभेची सूचना, पोच, दरपत्रक, असा मजकूर पडद्यावर पाहणे हे कागदावर छापण्यापेक्षा कमी भाराचे आहे. मात्र पाहणाऱ्याजवळ यंत्र आधीपासून असले पाहिजे. जो दस्तऐवज दहा माणसांना वारंवार, तासन्‌तास वाचावा लागतो, त्यावर खुणा कराव्या लागतात, जो वर्षानुवर्षे जपावा लागतो, तो कागदावर असणे निसर्गाला अधिक जड जात नाही. कित्येकदा हलकेच जाते. पानाला एकदा खर्च लागतो. पडद्याला प्रत्येक वाचनाला लागतो.

परंतु या आकडेमोडीत खरा भार अजून आलेलाच नाही. संगणक आणि मोबाईल यांचा निसर्गावरील मोठा बोजा ते कारखान्यात तयार होतानाच पडलेला असतो, आणि ते तीन-चार वर्षांत टाकून देण्याची चाल व्यापाराने पाडली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सहभागाने २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक कचरा झाला. त्यातील जेमतेम २२ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आल्याची नोंद आहे. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत ही यंत्रे उघड्या हातांनी फोडून, तारा जाळून आणि आम्लात बुडवून धातू काढणारे श्रमिक कोण असतात, ते तुम्हांला सांगण्याची गरज नाही. रद्दी विकत घेणारा माणूस गावोगाव आहे आणि त्याच्या टोपलीतला कागद पुन्हा कागद होतो. मोडक्या मोबाईलच्या बाबतीत ही साखळी अजून तशी उभी राहिलेली नाही.

डेटा सेंटरांचेही असेच. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. भारताच्या वर्षभराच्या एकूण वीजनिर्मितीच्या जवळपास पाव हिश्शाएवढी ही वीज आहे, आणि २०३०पर्यंत हा आकडा दुपटीहून अधिक होईल असे त्याच संस्थेचे भाकीत आहे. ही सगळी वीज व्यापारी दस्तऐवजांवर खर्च होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. चित्रफिती, जाहिराती आणि नवी कृत्रिम बुद्धिमत्ता यांचा त्यातील वाटा फार मोठा आहे. बिले आणि पावत्या हा त्याचा लहानसा भाग. पण लहान भागाचे पुण्य पुढे करून मोठ्या भागाचा खर्च झाकला जातो, ही तक्रार उरतेच. दुसरीकडे जगात कागदाचे उत्पादनही काही नाहीसे झालेले नाही. वर्तमानपत्री आणि लिहिण्या-छापण्याचा कागद घटला, तर खोक्यांचा व वेष्टनांचा वाढला. कारण पडद्यावर मागवलेली वस्तू घरी येते ती पुठ्ठ्याच्या पेटीतूनच.

आणि सवलतींची कथा तर तीच राहिली आहे. पूर्वी गिरणीला बांबू मातीमोलाने मिळे. महाराष्ट्र शासनाच्या २०२३च्या माहिती तंत्रज्ञान धोरणाने डेटा सेंटरांना वीजशुल्क आणि मुद्रांकशुल्कात सवलती देऊ केल्या. जे स्वस्त मिळते ते उधळले जाते, हा दांडेलीच्या रानातील धडा विजेलाही लागू आहे.

एप्रिल २०११

आता मी तुमचे लक्ष एका महिन्याकडे वेधू इच्छितो. एप्रिल २०११मध्ये केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने दोन परिपत्रके काढून कंपन्यांना आपले वार्षिक अहवाल आणि सभांच्या सूचना भागधारकांना छापील न धाडता ई-मेलने धाडण्याची मुभा दिली. या योजनेला नाव दिले 'हरित उपक्रम'. कंपन्यांचा छपाईचा आणि टपालाचा खर्च वाचला. कागदही वाचला, यात शंका नाही.

त्याच महिन्यात, २७ एप्रिल २०११ रोजी, गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावात केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आले. त्यांनी ग्रामसभेच्या हाती एक कागदी पुस्तक दिले. बांबूच्या वाहतूक परवान्याचे, ज्याला आपण टी.पी. म्हणतो, त्याचे ते पुस्तक होते. त्या पुस्तकासाठी गाव किती झगडले होते! 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा देवाजी तोफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याआधी कितीतरी वर्षे दिली होती. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते अभ्यासगटांच्या रूपाने त्यांच्याबरोबर उभे होते. वनहक्क कायदा २००६ साली झाला आणि त्याने बांबू हे गौण वनोपज असल्याचे स्वच्छ शब्दांत सांगितले. २००९ साली गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही वनखाते १९२७च्या कायद्याकडे बोट दाखवून बांबू हे झाडच आहे असे म्हणत राहिले, आणि परवान्याचे पुस्तक देईना. पुस्तक नाही म्हणजे वाहतूक नाही, वाहतूक नाही म्हणजे विक्री नाही, विक्री नाही म्हणजे हक्क कागदोपत्रीच.

पहिल्या घटनेला पर्यावरणरक्षण म्हणून मान मिळाला, दुसरीला एका आदिवासी गावाचा स्थानिक विजय म्हणून. माझ्या मते रानाच्या दृष्टीने दुसरी घटना कितीतरी मोठी होती. ज्या दिवशी बांबूचा भाव ठरवण्याचा आणि तोड थांबवण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला, त्या दिवशी बेट राखण्यात गावाचा स्वार्थ निर्माण झाला. कोरपून तोडले तर पुढच्या फेरीला आपल्याच पोराबाळांच्या हाती काही लागणार नाही, हे गावाला समजते. दूरच्या गिरणीला ते समजून घेण्याची गरज पडत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव पाहा. २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाल्यावर त्या ग्रामसभेने तेंदूपत्त्याची तोडणी बंद केली, कारण पत्त्यासाठी फांद्या छाटाव्या लागतात आणि रानाला आगी लावल्या जातात. रोख पैशाचे एक साधन आपण होऊन सोडून त्या गावाने बांबूवर भर दिला. कोणत्याही बँकेच्या पत्राच्या तळाशी छापलेल्या उपदेशाने हे घडले नसते.

बल्लारपूरच्या गिरणीच्या मूळ कंपनीचे पुढे काय झाले, तेही नोंदवण्याजोगे आहे. २०२० साली ती दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायाधिकरणापुढे गेली. कर्जाचा डोंगर तिच्या डोईवर चढला होता. दशकानुदशके स्वस्त बांबू मिळूनही ना रान समृद्ध झाले, ना कामगार निश्चिंत झाला. कागदाची गिरणी बंद पडली म्हणजे रानाला सुख लाभते, हा समजही खोटा आहे. बांबूला वाजवी भाव देणारे गिऱ्हाईक ग्रामसभेला हवेच आहे. बुरडाच्या हातालाही बांबू हवा आहे. त्या बांबूला भाव नसेल तर रान राखण्यापेक्षा ते खोदून खालचे खनिज काढणे फायद्याचे, असे म्हणणारे लोक तयारच बसलेले असतात.

दस्तऐवज कोणाच्या हातात?

आणखी एक मुद्दा निसर्गाच्या हिशेबाबाहेरचा वाटेल, पण तो तसा नाही. दस्तऐवज हा पुरावा असतो. तेंदूच्या फळीवर मुन्शीने मजुराच्या कार्डावर लिहिलेला पुड्यांचा आकडा हा त्याच्या मजुरीचा आणि पुढे बोनसचा आधार असतो. रोजगार हमीच्या कामावरील हजेरीपट, वनहक्काच्या दाव्याची पोच, ग्रामसभेच्या ठरावाची प्रत, सातबाराचा उतारा, हे कागद गोरगरिबांच्या घरात पत्र्याच्या पेटीत जपलेले असतात. कारण अनुभवाने ते शहाणे झालेले आहेत.

१ जानेवारी २०२३पासून रोजगार हमीच्या कामावरील हजेरी छायाचित्रासह मोबाईलवरून नोंदवणे केंद्राने सक्तीचे केले. भामरागड-एटापल्लीकडे जिथे मोबाईलचे जाळे पोचत नाही किंवा अधूनमधून नाहीसे होते, तिथे घाम गाळूनही हजेरी लागली नाही तर मजुराने कोणता कागद दाखवायचा? हीच सक्ती निसर्गरक्षणाच्या नावाने दस्तऐवजांवर केली जाते तेव्हा सावध झाले पाहिजे. कागद वाचतो मालकाचा, आणि पुरावा जातो मजुराचा, अशी ती देवघेव होते.

याचा अर्थ आपण संगणकाला विरोध करावा असा मुळीच नाही. मजुरी थेट बँकेच्या खात्यात जमा होऊ लागल्याने मधल्या दलालाचा हात पुष्कळ ठिकाणी आखडला आहे. सातबारा संगणकावर आल्याने तलाठ्याच्या दारात घालावे लागणारे खेटे कमी झाले. ग्रामसभेला बांबूचा लिलाव दूरच्या व्यापाऱ्यांपर्यंत पोचवावयाचा असेल तर संगणक हे तिच्या हातचे शस्त्र आहे. कागदी घोडे नाचवून आदिवासींना वर्षानुवर्षे झुलवणारी कचेरी आपण पाहिलेली आहे. तिच्याविषयी हळहळण्याचे कारण नाही. यंत्र कोणाच्या ताब्यात आहे आणि त्याचा खर्च कोणाच्या जमिनीवर टाकला जातो, एवढाच आपला प्रश्न आहे.

आपण काय करावे?

अभ्यासवर्गाच्या अखेरीस कामाचे बोलणे झाले पाहिजे. मला चार गोष्टी सुचतात.

पहिली, आपापल्या भागातील बँका, कारखाने, सहकारी संस्था आणि सरकारी कचेऱ्या यांच्याकडे आग्रह धरावा की एकदा पाहून टाकावयाचा मजकूर खुशाल पडद्यावर द्या, परंतु मजुरी, जमीन, कर्ज आणि वनहक्क यांविषयीचा कोणताही दस्तऐवज, संबंधित माणसाने मागितल्यास, छापील, सहीशिक्क्याचा आणि विनाशुल्क मिळाला पाहिजे. याने जंगल बुडत नाही. गडचिरोलीतील एका कुटुंबाचे आयुष्यभराचे असे कागद एका रीमातही भागतील.

दुसरी, या कचेऱ्यांनी छपाईसाठी रद्दीपासून केलेला कागद घ्यावा, पानाच्या दोन्ही बाजू वापराव्यात, आणि यंत्रे मोडेपर्यंत व दुरुस्त होतील तोवर चालवावीत. जुने यंत्र कोणाला दिले आणि त्याचे पुढे काय झाले, याची नोंद जाहीर करावी. कागद किती वाचवला हे जो मोठ्या अक्षरांत सांगतो, त्याने वर्षाला किती युनिट वीज जाळली, हेही त्याच अक्षरांत सांगितले पाहिजे.

तिसरी, डेटा सेंटरांना द्यावयाच्या सवलतींची चर्चा मुंबईपुरती राहू देऊ नये. ज्या जिल्ह्यातून कोळसा निघतो आणि जिथे राख पडते, तिथल्या लोकप्रतिनिधींनी आणि ग्रामसभांनी तिच्यावर मत दिले पाहिजे. सवलत द्यावयाचीच असेल तर ती सूर्य आणि वारा यांपासून मिळणाऱ्या विजेशी बांधलेली असावी, आणि त्यातील वाटा इरईकाठच्या व घुग्घुसच्या माणसांच्या पाण्यासाठी, आरोग्यासाठी आणि पुनर्वसनासाठी यावा.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, ज्या गावांचे सामूहिक वनहक्काचे दावे अडकलेले आहेत, त्यांचे काम हाती घ्यावे. नकाशा, ठराव, पुराव्याची कागदपत्रे यांचा एकेक संच पुरा करून ग्रामसभेत वाचून दाखवावा. ज्यांना हक्क मिळाले आहेत त्या ग्रामसभांना बांबूच्या लिलावाचे नियम, हिशेबाची वही आणि तोडणीची शिस्त यांसाठी साथ द्यावी. रान वाचवण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला तरी ठाऊक नाही.

साथींनो, कागद की पडदा या वादात आपल्याला पक्ष घ्यावयाचा नाही. बांबूचे बेट आणि कोळशाची खाण ही दोन्ही आपलीच आहेत, आणि दोहोंच्या वापराचा निर्णय आजवर इतरांनी घेतला. तो निर्णय इथल्या ग्रामसभेच्या चावडीवर होऊ लागला, तर शहरातल्या कचेरीने बिल कशावर छापावे याचे उत्तर आपोआप अधिक शहाणपणाचे निघेल. कारण तेव्हा बांबूलाही खरा भाव असेल आणि विजेलाही. त्या दिशेने पावसाळ्यापूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने निदान एका गावाचा दावा मार्गी लावावा, अशी माझी विनंती आहे.